‘येतो’ म्हणालो आणि गेलो

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. मागच्या उन्हाळ्यात मी एका शब्दात स्वतःला मारलं, बायकोला, शैलाला, रडवलं आणि होणाऱ्या जावयाला नकार दिला. तिन्ही गोष्टी नकळत. तुम्ही हसणार, मला ठाऊक आहे. हसा. शैला अजून हसत नाही, म्हणून मी जपून हसतो.

तर आमची लेक ऋता, क्युपर्टिनोला असते. तिचा ईथन. उंच, तांबूस दाढीचा, आणि स्वभावाने इतका गरीब की माझी कढी तिसऱ्यांदा मागून घेतो. दोघांना लग्न करायचं होतं. अडलं होतं माझ्यापाशी. म्हणजे मी नाही म्हटलं नव्हतं हो, पण हो कुठे म्हटलं होतं? विषय निघाला की मी उठून डिशवॉशर लावायला लागायचो. आमच्या ॲन आर्बरच्या घरात भांडी त्या वर्षी इतकी स्वच्छ कधी नव्हती.

शेवटी ऋतानेच ट्रिप ठरवली. कोलोरॅडोतलं डोंगरातलं एक टुमदार गाव. लाकडी घरं, खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि गावातून चहूबाजूंनी वर निघालेल्या पायवाटा. विमानात शैलाने माझ्यापाशी गुपित फोडलं. "ईथन तुम्हाला वर तळ्याकाठी विचारणार आहे. मराठीत. हिवाळाभर एकच वाक्य घोकतोय बिचारा. तुम्हाला माहीत नाही असंच दाखवा."

खरं सांगू? मला भरून आलं. मी हो म्हणायचं ठरवूनच टाकलं. नुसतं ठरवलं नाही, बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून उत्तराचं भाषणही बसवलं.

आता पहिली चूक ऐका. आदल्या संध्याकाळी कॉटेजवर जेवायला बसणार, तर दूध संपलेलं. ईथन गाडीची किल्ली घेऊन उठला आणि म्हणाला, "काका, मी जातो."

"जातो नाही म्हणायचं," मी म्हणालो. "आपल्यात निघताना ‘येतो’ म्हणतात. समोरचा म्हणतो ‘ये’. मोठा माणूस निघाला असेल तर ‘या’."

"ओके. सो, येतो मीन्स बाय?"

"एक्झॅक्टली."

"बाबा, इट ऑल्सो मीन्स..." ऋता मधेच बोलायला गेली.

"त्याला आधी एक तर नीट शिकू दे," मी तिला गप्प केलं.

"बट व्हाय नॉट जातो?" ईथनने विचारलं. कारण मी सांगितलं नाही. जेवायच्या वेळी मरणाचं कशाला काढा? "चांगलं दिसत नाही," एवढंच म्हणालो आणि पापड मोडला. त्या पापडाबरोबर आमचं सगळ्यांचं काय काय मोडणार होतं, ते कुणाला माहीत?

दुसऱ्या दिवशी शैलाचे गुडघे दुखत होते म्हणून ती आणि ऋता गोंडोलाने, म्हणजे दोरावरच्या पाळण्याने, वर जाणार, तिथून सपाट वाटेने तळ्यावर. ईथन आणि मी गावातून चढणार. मीच आग्रह धरला. म्हटलं, मी साताऱ्याचा आहे, रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचो. ते कोणत्या वयात, हे मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. शिवाय ॲन आर्बरला उंच म्हणावं असं फक्त गाड्यांचं बहुमजली पार्किंग आहे, हेही विसरलो.

पाइनच्या झाडीत होतो तोवर ठीक होतं. झाडं संपली, नुसता दगड आणि गवत सुरू झालं, आणि माझा श्वास कुठे गेला तो गेलाच. ईथन थांबत होता, पाणी देत होता. एका वळणावर त्याने घसा साफ केला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाला, "काका, वर तळ्यावर मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे."

आता मला काय म्हणायचं होतं? ‘तू हो पुढे, मी जरा टेकतो आणि मागून येतोच.’ पण एवढं वाक्य काढायला छातीत हवा हवी ना. मी एका दगडावर बसलो, दरीकडे तोंड केलं, हात हलवला आणि जेमतेम दोन शब्द बाहेर पडले. "येतो मी."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझी काळजी वाटतेय. तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "या."

काय संस्कार आहेत पोराचे, असं मी मनात म्हणालो. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

दम खाऊन मी निघालो तर पुढे वाटेला फाटा. वाटलं, तिथे ईथन उभा असेल. कुणी नाही. फोनला सिग्नल नाही. मी आपली रुंद वाट धरली आणि ती मला डोंगराला वळसा घालून थेट गावाकडे खाली घेऊन गेली. पावलागणिक माझा पारा चढत होता. होणाऱ्या सासऱ्याला डोंगरात टाकून जातो? आणि याला मी मुलगी द्यायची? बसवलेलं भाषण मी मनातल्या मनात फिरवलं आणि त्याचा चांगला खणखणीत नकार केला.

इकडे वर तळ्यावर काय झालं, ते शैलाने नंतर सांगितलं. ऋता फोटो काढायला पलीकडच्या काठाला गेलेली. ईथन एकटाच आला, डोळे लाल.

"काका कुठेयत?" शैलाने विचारलं.

"काकू," तो म्हणाला, "काका गेले."

"गेले? अरे, कसे गेले?"

"शांतपणे. दगडावर बसले. ‘येतो मी’ म्हणाले. मी नमस्कार केला."

तुम्हीच सांगा, यात व्याकरणाची एक तरी चूक आहे का? शैला मटकन खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. ईथनला वाटलं, आपल्याला नकार मिळाला म्हणून काकू रडतायत. तोही रडायला लागला. दोघं गळ्यात गळे घालून रडतायत आणि तो तिला समजावतोय, "काकू, इट्स ओके. त्यांचा निर्णय आहे." भोवती माणसं जमली. एका गृहस्थाजवळ वॉकीटॉकी होता, त्याने खाली बचाव पथकाला कळवून टाकलं. मग ऋता धावत आली, तिने ईथनला इंग्रजीत विचारलं, आणि जे मराठीत मेलं होतं ते इंग्रजीत जिवंत झालं. पण स्ट्रेचर निघालं ते निघालंच.

ते मला पायथ्याशी भेटलं. दोन स्वयंसेवक घाईघाईने वर निघालेले. त्यांनी मला थांबवून विचारलं, "एक वयस्कर, जाडसर भारतीय गृहस्थ वाटेत दिसले का?"

मी खूप आठवून पाहिलं. "नाही बुवा," मी सांगितलं, आणि वर त्यांना रुंद वाटेनेच जा असा सल्ला दिला. बिचारा कोण असेल, असं वाटून मनातल्या मनात हातही जोडले.

खाली गोंडोलाच्या दाराशी ऋता-ईथनबरोबर शैला दिसली. तिने आधी मला घट्ट धरलं आणि मग पर्सने मारलं. मी तिला काही विचारण्याऐवजी ईथनवर तुटून पडलो. सगळ्या लोकांसमोर. "म्हाताऱ्या माणसाला डोंगरात सोडून जातोस? हीच तुझी काळजी?"

 तो हळूच म्हणाला, "काका, यू सेड येतो."

 त्याने तर माझ्याकडून शिकलेलं जसंच्या तसं केलं होतं. मी तळ्याकाठचा प्रश्न ऐकायच्या आधीच त्याला रामराम ठोकला होता, आणि त्याने तो मोठेपणाने स्वीकारलाही होता. तेवढ्यात गडगडायला लागलं, वरच्या वाटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तर आमचं विमान.

रात्री जेवणं झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. मी डिशवॉशरकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, विचार बाबा, मी कुठेही जात नाही.

"काका," तो म्हणाला, "कॅन आय आस्क यू इन इंग्लिश?"

मी हो म्हणालो. मग त्याने इंग्रजीत विचारलं, आणि त्यालाही मी हो म्हणालो. बसवलेलं भाषण राहूनच गेलं. लग्न छान झालं, पोरं सुखात आहेत, त्याबद्दल काही नाही. पण ते मराठी वाक्य काय होतं हो? मी विचारलं की तो हसतो आणि "इट्स फाइन, काका," म्हणतो.

परवा फोनवर ऋताला खोदून विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ते वाक्य आईला पाठ आहे, मला पाठ आहे, माझ्या मैत्रिणींना पाठ आहे. तो हिवाळाभर सगळ्यांना म्हणून दाखवायचा. ज्याच्यासाठी होतं, त्या एकट्यानेच ऐकलेलं नाही."