म्हातारं पान

वालावलच्या आमच्या बागेत कलमांची छाटणी करायला येणारा तो माणूस आंब्याच्या कोवळ्या पालवीकडे ढुंकूनही पाहत नाही. जुनी पानं तेवढी उलटून बघतो.

यंदा त्यानं विचारलं, "खत घातलंस मा सगळ्यांका?"

"घातलं," मी म्हणालो. उताराखालच्या कलमापर्यंत शेणखताची पाटी न्यायचा मी कंटाळा केला होता, ते बोललो नाही.

तो नेमका तिथेच उतरला आणि कडा करपलेलं एक पान घेऊन वर आला.

"ह्या झाड उपाशी आसा. कमी पडला की म्हाताऱ्या पानातला काढून पोरांका देता."

त्या कलमाची पालवी तुकतुकीत होती. मी आजवर तीच बघून खूश होत आलो होतो.

तो पुन्हा उतार उतरला आणि ते पान त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवून आला.