तिसरं सिलेंडर

अकराला नागपूरच्या कोर्टात उभं राहायचं होतं आणि तिवस्याजवळ माझी जुनी गाडी धापा टाकू लागली. रस्त्याकाठच्या मिस्त्रीनं पेचकसाची मूठ दातांत धरली, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटले.

"तिसरं सिलेंडर मुकं हाये," तो म्हणाला आणि त्याचा प्लग काढून घासू लागला.

"कसं कळलं?" मी दोनदा विचारलं. त्यानं मानही वर केली नाही.

शेजारी पेरू विकणारी त्याची माय म्हणाली, "त्याले कानानं आयकू येत नाई, सायेब. दातानं आयकते."

इंजिन सुरात आलं. ती पेरू पुसत गुणगुणू लागली. निघताना आरशात पाहिलं, तर तो तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून, डोळे मिटून बसला होता.

उशीर होत होता, तरी मी गाडी हळूच पुढे काढली.