आजारी पडायचं कुठं

विमा एजंट आमच्या पुंडलिकनगरच्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं सगळे प्रश्न मलाच विचारले. माझे मला, आणि बायकोचेही मलाच. मॅडमचं वय काय, मॅडमला शुगर आहे का, कुठलं ऑपरेशन झालंय का. ती माझ्या शेजारच्या खुर्चीतच बसली होती. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं, मग चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "भैया, मेरे को पूछो ना. मैं इधरीच बैठी है."

एजंट ओशाळला. त्याची फार चूक नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून ती आसाम-मणिपूरकडची असावी असंच गल्लीत सगळ्यांना आधी वाटलं होतं, आणि तिला आपलं बोलणं कळत नसणार हेही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. ती फिलिपिन्सची. मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स होती, आणि मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये टेक्निशियन. लग्न तिथंच झालं, मुलगी तिथंच वाढली आणि पुढं शिकायला कॅनडाला गेली ती गेलीच. नोकरी संपली तसा आमचा तिथं राहायचा परवानाही संपला. कुठंतरी जायचंच होतं. मी म्हणालो, माझ्या मुलखात जाऊ. ती म्हणाली, चालेल. एवढंच बोलणं झालं होतं.

मस्कतमध्ये आम्ही आजारपणाचा हिशोब कधी केला नाही. कंपनीचं कार्ड दाखवलं की काम व्हायचं. इन्कम टॅक्स तर फक्त भावाबंदांच्या तोंडून ऐकलेला. इथं आल्यावर दोन्ही गोष्टी साठीनंतर पहिल्यांदा शिकायला लागल्या, नवीन सुनेनं घरातले डबे शोधावेत तशा.

"बीपी है," तिनं एजंटला सांगितलं. "बहुत साल से. रोज एक गोली."

एजंटचं पेन थांबलं. तो माझ्याकडं वळून हळू आवाजात मराठीत म्हणाला, "साहेब, हे नाय लिहिलं तरी चालतंय. लई लोक नाय लिहीत. कंट्रोलमधी आहे ना? मग झालं."

तिला मराठी बोलता येत नव्हतं, पण कळायला लागलं होतं. "लिखो," ती म्हणाली. मग आमच्या दोघांच्या त्या मस्कती भाषेत, निम्मी हिंदी आणि निम्मी इंग्रजी, मला म्हणाली, "मी आयुष्यभर हेच बघितलंय. पेशंट आत, आणि बाहेर नातेवाईक काउंटरवर भांडतायत, की हा आजार आधी होता का नव्हता. तुला तसं भांडायला लावायचं नाही मला."

एजंटनं लिहिलं.

तपासण्या झाल्या. त्यांचा निकाल यायच्या आधी आम्ही टॅक्सचं विचारायला एका सीए बाईंकडं गेलो. बाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. आम्ही आल्याला बरेच महिने झाले होते, त्यामुळं कायद्यानं आम्ही दोघंही आता इथले रहिवासी. "पण सामान्यपणे रहिवासी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे सध्या बाहेरच्या मिळकतीवर इथं टॅक्स नाही. मॅडमची फिलिपिन्सची पेन्शन, मस्कतच्या बँकेतलं व्याज, काही नाही. पुढं मात्र दाखवावं लागेल."

मी बायकोला ते सांगितलं. तिनं विचारलं, "मग सामान्य कधी होणार मी?"

"दोन-तीन वर्षांत, मॅडम."

ती मोठ्यानं हसली. सीए बाईही हसल्या. मला मात्र नीट हसता आलं नाही. माझा जन्म वैजापूरचा, शाळा तिथली, आईवडिलांची राख तिथल्या नदीत गेलेली, आणि मीही तिच्याइतकाच अर्धामुर्धा रहिवासी. पण निदान मला रिक्षावाला 'कुठून आलात' असं विचारत नव्हता.

मग विमा कंपनीचा निरोप आला. मला विमा मिळाला, तिला नाही. बीपीसोबत हृदयाच्या आलेखातही काहीतरी सापडलं होतं. एजंट फोनवर म्हणाला, "मी म्हणलं होतं साहेब," आणि लगेच, "दुसऱ्या कंपनीत बघतो."

मी तिला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काही हरकत नाही. आमच्याकडं साठीनंतर सरकारी विमा असतोच. राहायला इथं राहीन. आजारी पडायला तिकडं जाईन."

"आणि मी?"

"तू भेटायला ये."

ती रागानं बोलली नव्हती, चेष्टेतही नाही. एखादी नर्स खाट कुठं मोकळी आहे ते सांगते, तसं सांगितलं होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आपण दोघं म्हातारे होणार हे मी धरून चाललो होतो, पण कुठं होणार हे तिला कधी नीट विचारलं नव्हतं. तिच्या बहिणी तिकडं, तिची भाषा तिकडं. तापात माणूस कुठल्या भाषेत कण्हतं? ती मला एकदाच दिसली होती तशी, मुलीच्या जन्माच्या वेळी. तेव्हा ती जे बोलत होती त्यातला एक शब्द मला कळला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही वैजापूरला माझ्या थोरल्या बहिणीकडं गेलो. अक्का एकटीच राहते, मार्केट यार्डाच्या मागं. कांद्याचा वास तिच्या पडद्यांनासुद्धा येतो. जेवताना मी विम्याची हकिगत सांगितली, आणि बोलण्याच्या ओघात बायकोचं ते वाक्यही सांगून टाकलं.

अक्कानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "आजारी पडायला? इमानात बसून?" ती थेट तिलाच म्हणाली. "आन् इथं आमी काय मेलो का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "समज गया." मग अक्काकडं वळून, "अक्का, आप मेरा नर्स बनेगा?"

"बनंल की. त्यात काय."

"पहले आपका देखती."

पिशवीतून बीपीचं मशीन काढून तिनं अक्काच्या दंडाला पट्टा गुंडाळला. अक्काला ती गंमत वाटत होती. बायकोनं आकडा बघितला आणि दुसऱ्या दंडावर पुन्हा मोजलं. तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी मस्कतमध्ये पाहिलेला होता, ड्यूटीवरचा.

"अक्का, सर दुखता?"

"दुखतंय की. कवाधरनं दुखतंय. उन्हाचं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती अक्काला डॉक्टरकडं घेऊन गेली. मी बाहेरच्या बाकावर बसलो, मला आत घेतलंच नाही. अक्काचं बीपी चांगलंच वाढलेलं होतं. रोजची गोळी सुरू झाली, मीठ बंद झालं. लोणच्याची बरणी बायकोनं वरच्या फळीवर नेऊन ठेवली. अक्का तिला "लई कडक हाय गं तू" म्हणाली. उत्तर आलं, "व्हय." मला हसू आवरेना, कारण तो शब्द तिला मी शिकवलेला नव्हता.

मला शहरात कामं होती, म्हणून तिला अक्काजवळ ठेवून, रविवारी न्यायला येतो असं सांगून मी एकटा परतलो. या देशात आल्यापासून ती माझ्याशिवाय कुठं राहिली नव्हती. दोन दिवसांनी एजंट आला. दुसरी कंपनी तयार होती. हप्ता जास्त, आणि बीपी, हृदय यांच्यासाठी तीन वर्षं थांबायचं. तोवर त्यातलं काही झालं तर खर्च आपला.

मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. घ्यायचा का नाही ते तू ठरव, असंही म्हणालो. तिकडं जायचं असेल तर तेही ठरव, आपण दोघं जाऊ.

मागून अक्काचा आवाज आला, "काय म्हंतो त्यो?"

"तीन साल थांबायचं," तिनं अक्काला सांगितलं. "तब तक आजारी नाय पडायचं."

"मंग नको पडू," अक्का म्हणाली.

मग फोनवर मला म्हणाली, "भर पैसे. आणि ऐक, रविवारी मला घ्यायला येऊ नको. अक्काचं बीपी अजून उतरलं नाही."