खुर्चीच्या पाठीवरचं नाव

स्वावलंबनाइतकं पवित्र दुसरं काही नाही, असं पाहुण्यांनी आमच्या संस्थेच्या रत्नागिरीतल्या अपंगांना साहित्य वाटायच्या सभेत तीनदा सांगितलं. आज दाराला ऑइलपेंट देताना त्या वासानं ते भाषण आठवलं. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट असेल. पूर्णगडचा एक तरुण चाकांच्या खुर्चीसाठी आला होता. पाय लुळे, पाठही धरत नसे. थोरल्या भावानं त्याला पाठुंगळीला मारून एसटीनं आणलं होतं. भावाची रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. खाटेवरून खुर्चीत आणि तिथून संडासापर्यंत आपला आपण जाता आलं, तर हा घरी एकटा राहणार होता. नाहीतर सावर्ड्याला मामाच्या पडवीत, कायमचा. खुर्ची मंचावर होती, पण तिच्या पाठीवर देणगीदाराचं नाव त्याच सकाळी रंगवलेलं. "टेकू नका हं, रंग ओला आहे," चिटणीस म्हणाले. "टेकल्याशिवाय मला बसताच येत नाय, साहेब. उठू दे नाव शर्टावर, मी मिरवीन." लोक हसले. चिटणीस हसले नाहीत. "अक्षरं फिसकटतील. वाळली की पाठवतो." सभेच्या फोटोत तो भावाच्या पाठीवर आहे आणि खुर्ची रिकामी. आठवड्यानं खुर्ची पूर्णगडला पोचली, तेव्हा घराला कुलूप होतं. तो सावर्ड्याला गेला होता. नाव मात्र जराही फिसकटलं नव्हतं. ते मी रंगवलं होतं. संस्थेत तेव्हा माझंच अक्षर चांगलं समजलं जाई.