टिंबाचा वेग

१२ मार्च २०२४. एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास रुपये. नव्या संगणकाच्या कोटेशनवरचा हा आकडा योगीराजांनी दोनदा वाचला.

कळंबच्या व्यापाऱ्यांच्या पतसंस्थेत ते चौतीस वर्षं हिशेबनीस होते. बी.कॉम. झालेल्या या माणसानं रविवारचे संगणकाचे वर्ग करून व्याजाचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. मे महिन्यात निवृत्ती. खरेदीवर सही त्यांचीच लागणार होती. फालतू खर्च म्हणून लेखापरीक्षकानं बोट ठेवलं, तर ग्रॅच्युइटी अडकणार होती.

लातूरहून नवं यंत्र टेम्पोत घालून दाखवायला आलेल्या विक्रेत्या शंतनूच्या तोंडात एकच मंत्र होता: फ्लोटिंग पॉइंट. म्हणजे दशांशाची गणितं. ती हे यंत्र जुन्यापेक्षा चौदा पट वेगानं करतं, म्हणे. अध्यक्ष धोंडीबाशेठना एवढं पुरलं.

"योगीराज, आपल्या खात्यात रुपयापुढं टिंब असतंय का न्हाय? मग टिंबाचाच वेग पायजे की!"

तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा हा माणूस टिंब मोजून संगणक घ्यायला निघाला होता.

"शेठ, टिंब नुसतं पडद्यावर. आत मी सगळं पैशांत मांडलंय. साडेबारा रुपये म्हणजे बाराशे पन्नास. अखंड आकडा. टिंबानं मांडलं की वर्षअखेरीला दोन पैसे कुठंतरी सांडतात, अन् ते हुडकायला मीच बसतो."

"काका, जमाना बदललाय," शंतनू हसला.

"बदलू द्या. व्याज लावून दाखवा."

तोच प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांवर लावला. चार हजार दोनशे सतरा खाती, रोजच्या शिलकेवर वर्षाचं व्याज. जुन्यानं अकरा मिनिटं घेतली. नव्यानं दहा सेकंद कमी.

शंतनूनं घाईघाईनं पडद्यावर दशांशाच्या गणितांवर चालणारा एक रंगीत गोळा फिरवून दाखवला. गोळा मोठ्या झोकात फिरत होता.

"वा! ठेवीदार व्याज मागायला आले की हाच दाखवू त्यांना," योगीराज म्हणाले.

"मग ह्याचा चौदा पट वेग गेला कुठं?" शेठनी विचारलं.

"गोळ्यात, शेठ."

योगीराजांनी कोटेशनवर 'संस्थेच्या कामास निरुपयोगी' असा शेरा मारला आणि त्याखाली सही केली. यंत्र आलं त्याच टेम्पोनं परत गेलं. टेम्पोचं भाडं संस्थेनं कबूल केलं होतं. त्यातले तीनशे पन्नास रुपये संस्थेकडून शंतनूला अजून देणे आहेत.