पुराच्या पाण्यावर गुलाबी बदाम

प्रसेनजीत परीक्षेला बसणार ही बातमी त्यानं फी भरण्याआधीच गल्लीभर झाली, कारण ती त्यानं शेजारच्या शालूबाईंना ‘कुणाला बोलू नका’ असं बजावून सांगितली होती. कसबा बावड्यात दवंडीला थोडा तरी वेळ लागतो, शालूबाईंना तेवढाही लागत नाही.

“बत्तिशी गाठली लेकानं,” त्या नळावर घागर आपटत म्हणाल्या, “आणि आता दप्तर घेऊन निघालाय. मीडिया स्टडीज म्हणं! म्हंजे टीव्ही बघायची परीक्षा. आमच्या सुनंला बसवा की, पैला नंबर काढंल.”

हसायला गल्ली नेहमीच तयार. पण प्रसेनजीतला त्या डिप्लोम्याची खरोखर गरज होती. बारावीनंतर त्यानं खांद्यावर कॅमेरा घेतला तो लग्नांसाठी. वरातीपुढं तासतास उलटा चालायचा, पण कधी गटारात गेला नाही. इतकी लग्नं बघितली म्हणूनच स्वतःचं करत नाही, असं लोक म्हणायचे, आणि त्यात अगदीच खोटं होतं असंही नाही. मग केबलवाल्या बाळासोंनी गावापुरतं चॅनेल काढलं आणि याला हंगामी कॅमेरामन म्हणून घेतलं. “डिप्लोमा आण, कायम करतो,” बाळासो म्हणाले. म्हणून हा बाप्या संध्याकाळच्या वर्गात पोरासोरांच्या बाकावर जाऊन बसला.

घरात तो एकटाच. आई लहानपणी गेली. वडील, आप्पा, कारखान्याच्या यार्डात ऊस उतरवून घेता घेता दोन्ही पोरांना शाळेत घालून गेले. माणूस अबोल, पण पोरं परीक्षेला निघाली की दारात उभं राहून एकच सांगायचा, “खोट्याला मार्क मिळत न्हाईत. पेपरात खरं लिवा, पास व्हताय.” दुसरी इस्टेट त्यांनी मागं ठेवली नाही. प्रसेनजीतची धाकटी बहीण दीक्षा शिरोळकडं नदीकाठच्या गावात दिलेली. तिला माहेर म्हणजे हा दादाच. आली की पिशवीभर वांगी आणायची, अर्धी शालूबाईंच्या घरात जायची, आणि भावाची खोली झाडता झाडता त्याला अशा शिव्या घालायची की गल्ली कामधंदा सोडून ऐकत बसायची.

२००५ च्या श्रावणात पूर आला. वर्गातल्या सरांनी प्रत्येकाला प्रात्यक्षिक म्हणून एक माहितीपट करायला सांगितलं होतं. पुण्याहून आलेले तरुण सर, गळ्यात झोळी, बोलणं मात्र लोण्यासारखं. प्रसेनजीत कॅमेरा घेऊन दीक्षाच्या गावाला गेला. अंगणात आलेलं पाणी, चूल बुडाली ते, मागची भिंत बसली ते, सगळं त्यानं टिपलं.

आता या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. शूटिंग एकाचं आणि मिक्सिंग दुसऱ्याचं. प्रसेनजीत कॅसेट जोतीरामच्या खोलीवर टाकायचा. जोतीराम ती कापून, जोडून, वर सनई आणि इफेक्ट चढवून सीडी करायचा, आणि ती सीडी थेट पार्टीच्या घरी जायची. शूटिंगवाला ती स्वतः कधी बघत नाही. लग्न एकदा डोळ्यानं बघितलेलं असतं, पुन्हा कशाला बघा? आचारी कुठं पंगतीत बसतो?

पुराची कॅसेट जोतीरामकडं गेली ती तुळशीचं लग्न लागल्यावर, ऐन सराईत. त्याच्याकडं लग्नांच्या कॅसेटची रास. जमा करायच्या दिवशी प्रसेनजीतनं सीडी उचलली, एक प्रत संस्थेत दिली, एक बाळासोंच्या चॅनेलला, आणि शिरोळला फोन लावला, “दीक्षे, आईतवारी दुपारी ये. तुझं घर टीव्हीवर लागणार हाय.”

दीक्षा नवऱ्याला आणि पोरांना घेऊन, वांग्यांची पिशवी घेऊन आली. खोलीत गल्ली कोंबलेली. नाव लागलं, ‘पाणी उतरल्यावर’. नदी दिसली. मग दीक्षाची पडलेली भिंत दिसली, आणि तिच्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. बुडालेल्या चुलीभोवती गुलाबी बदाम उमटला, धडधडला आणि फुटला. फुगून वर आलेल्या म्हशीच्या पोटावरून दोन पांढरी कबुतरं उडाली. खाली सनई चालूच.

पहिल्यांदा कोण हसलं ते आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. पण मग सगळेच हसले. शालूबाईंना तर ठसका लागला.

दीक्षा उठली. “हसण्यासारखं हाय व्हय माझं घर?”

“दीक्षे, आईशप्पत, मी मुद्दाम न्हाय केलेलं. त्या जोत्यानं चुकून—”

“तू बघितलंच न्हाईस?”

दीक्षा पोरांचे हात धरून निघाली, जेवायचीही थांबली नाही. वांगी तेवढी राहिली. ती चार दिवसांनी सुकली, आणि पुन्हा कधी आली नाहीत.

जोतीरामला जाब विचारला तर तोच रुसला. “मर्दा, लई सुनंसुनं दिसत हुतं. नुसतं पाणीच पाणी. म्हटलं जरा भरून काढूया. इफेक्टचं जादा पैसं बी न्हाय लावलं तुला!” तेव्हापासून प्रसेनजीत हातातली प्रत्येक सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो, त्यामुळं प्रत्येक सीडी उशिरा पोचते, आणि त्यामुळं त्याच्या ऑर्डरी तुटतात.

खरी गंमत पुढंच आहे. गंमत म्हणायची पद्धत म्हणून. प्रात्यक्षिकाचे मार्क लागले तेव्हा वर्गात सगळ्यांत जास्त प्रसेनजीतला! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला होता, ‘लग्नाच्या चित्रफितीची भाषा वापरून आपत्तीच्या तमाशावर केलेला धाडसी उपहास.’ प्रसेनजीतनं शेरा दोनदा वाचला, आणि आपल्याच नावापुढं आहे ना ते बघितलं.

सरांनी त्याला बाजूला घेतलं. “लेखी परीक्षेत पहिला प्रश्न सक्तीचा असतो. प्रात्यक्षिक करताना तुम्ही कोणते निर्णय घेतले, आणि त्यातून तुमची कोणती कौशल्यं वाढली? शोध, नियोजन, तंत्र, कल्पकता, सगळ्यावर लिहायचं. ती कबुतरं का आणली, हे मुद्देसूद आलं की तुम्ही सुटलात.”

“सर, ती चुकून आलीत.”

“प्रसेनजीत, ‘चुकून’ हा शब्द उत्तरपत्रिकेत लिहायचा नाही. प्रत्येक निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला दिसला पाहिजे.”

“पर सर, माझ्या भनीला मी शपथ घालून सांगितलंय की मुद्दाम न्हाय केलं म्हणून.”

“त्या थोड्याच पेपर तपासणार आहेत?” सर हसले. माणूस वाईट नव्हता. त्याला पोरगं पास करायचं होतं.

मग सुरू झालं पाठांतर. प्रसेनजीतला मनात वाचलेलं राहत नसे, म्हणून तो दारात बसून मोठ्यानं घोकायचा, “पूरग्रस्तांच्या दुःखाचा समाज कसा तमाशा करतो, हे दाखवण्यासाठी मी जाणीवपूर्वक लग्नाच्या चित्रीकरणाची भाषा वापरली. गुलाबाच्या पाकळ्यांमागे माझा हेतू असा होता…” इथं तो हमखास अडायचा. मग भिंतीपलीकडून भाकरी थापता थापता शालूबाई आवाज टाकायच्या, “की प्रेक्षकाला स्वतःच्या हसण्याची लाज वाटावी! फुडं बोल.” आठ-पंधरा दिवसांत सगळ्या गल्लीला ते उत्तर पाठ झालं. त्यातला एक शब्द तर लोकांनी उचलूनच धरला. दूधवाल्याला कुणी म्हणालं, दुधात पाणी दिसतंय, तर तो म्हणायचा, “जाणीवपूर्वक!” केस कापणारा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला विचारायचा, “कानावरचं जाणीवपूर्वक काढू का राहू दे?”

प्रसेनजीत सुद्धा हसायचा. पण ‘माझा हेतू असा होता’ म्हणताना दर वेळी त्याच्या डोळ्यांपुढं दीक्षा यायची, उठून उभी राहिलेली. तिला चूक म्हणून सांगितलेलं कागदावर हेतू म्हणून लिहायचं होतं. आणि ते नाही लिहिलं तर बाळासो दुसरा माणूस बघणार होते.

‘तंत्र’ या मुद्द्यावर लिहायला काही सापडेना, म्हणून एका दुपारी त्यानं पुराची मूळ कॅसेट काढली. जोतीरामनं हात लावायच्या आधीची. स्वतः काढलेलं असं कच्चं, न कापलेलं बघायची ही पहिलीच वेळ.

कमरेएवढ्या पाण्यातून दीक्षा घरातून बाहेर येत होती. डोक्यावर जोंधळ्याचा डबा.

“दादा, हे धर की.”

आणि कॅमेऱ्याच्या मागून त्याचाच आवाज, “थांब, चालू हाय.”

“दादा!”

“हाय तशी ये. डबा जरा वर घे, तोंड दिसंना.”

तिनं डबा वर घेतला. तो कलंडला, जोंधळे पाण्यात सांडले. कॅमेरा त्या जोंधळ्यांबरोबर हळूहळू खाली आला आणि वाहत्या दाण्यांमागं गेला. चित्र जराही हललं नव्हतं. जोतीरामनं तेवढा तुकडा कापला होता, मधे बोलणं येतं म्हणून.

प्रसेनजीतनं टीव्ही बंद केला. त्या दिवशी दारात घोकंपट्टी झाली नाही. शालूबाईंनी भिंतीपलीकडून आपण होऊन सुरुवातही करून दिली, तर यानं दार लावून घेतलं.

परीक्षेत पहिला प्रश्न तोच आला. पाकळ्या-कबुतरांचं सगळं उत्तर त्याच्या जिभेवर होतं, अडायची जागासुद्धा आता पक्की झाली होती. आजूबाजूला पोरं भराभर लिहीत होती. यानं बऱ्याच वेळानं पेन उघडलं. लिहिलं ते असं, की पाकळ्या, बदाम, कबुतरं हे मिक्सिंगवाल्याच्या सवयीनं आलं, मी न बघता जमा केलं. मी स्वतः घेतलेला निर्णय एकच. बहीण हाक मारत होती आणि मी कॅमेरा खाली ठेवला नाही. कौशल्य काय वाढलं विचाराल, तर हात हलला नाही. ते चांगलं झालं असं मला वाटत नाही.

अर्धं पान झालं. आणखी काही सुचेना. बाकीचे प्रश्न त्यानं जमतील तसे उरकले.

घरी आला तेव्हा शालूबाई दारातच उभ्या. “आला काय पैला प्रश्न?”

“आला.”

“लिवलंस?”

“लिवलं, मावशी.” पुढं सांगायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

एवढ्यावर शालूबाईंचा आनंद काय वर्णावा! गेल्या महिन्यात घोकून घोकून उत्तर त्यांचंही झालं होतं. पुढच्याच आठवड्यात त्या शिरोळला भाचीच्या बारशाला गेल्या, बाजारात दीक्षा भेटली, आणि भर बाजारात त्यांनी तिला ते सगळं म्हणून दाखवलं. पाकळ्यांसकट, कबुतरांसकट. “बघ तुझ्या भावानं कसलं लिवलंय! नाद न्हाय करायचा.” मनात काही वाईट नव्हतं. शालूबाईंच्या मनात वाईट कधीच नसतं, आणि त्यावर औषध नाही.

निकाल लागला. प्रसेनजीत त्या पेपरात नापास. सर म्हणाले, “अहो, प्रश्न कौशल्यांचा होता, तुम्ही कबुलीजबाब दिलात!” बाळासोंनी डिप्लोमा झालेला एक पोरगा घेतला. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाले, आणि त्याच पोराच्या लग्नाची ऑर्डर याला दिली.

तरी एक गोष्ट हातात आहे असं प्रसेनजीतला वाटत होतं. तो एसटीनं शिरोळला गेला. दीक्षाच्या घराला मागं नवी भिंत उभी होती, बिनगिलाव्याची. पाणी चढायचे दिवस जवळ आले होते, म्हणून ती धान्याचे डबे माळ्यावर चढवत होती. भावाला बघून तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पाव्हण्याला ठेवतात तसा.

“शालूमावशीनं सगळं म्हणून दाखवलं मला,” ती म्हणाली.

“ते नुसतं पाठ केलतं. लिवलं न्हाय. पेपरात मी खरं लिवलंय, दीक्षे. चुकून झालं म्हणून लिवलं. तू हाक मारलीस, डबा सांडला, ते बी लिवलं.”

दीक्षाचा हात डब्यावर थांबला. क्षणभर तिनं त्याच्याकडं बघितलं, पूर्वीसारखं.

“निकाल काय लागला?”

प्रसेनजीतनं मान खाली घातली.

“नापास न्हवं?”

“व्हय.”

“मग?” तिचा आवाज चढलासुद्धा नाही. “खरं लिवलं असतंस तर पास झाला असतास की, दादा. आप्पा काय सांगत हुतं?”

भिंतीवर, नव्या खिळ्याला, आप्पांचा फोटो होता. पुराचं पाणी लागून कडा तपकिरी झालेला. आप्पांना खोटं पाडल्याशिवाय प्रसेनजीतला खरं ठरता येत नव्हतं, आणि ते या घरात, हिच्यासमोर, त्याच्यानं झालं नसतं.

दीक्षा शिडीवर चढली. डबा जड होता, एकटीला उचलत नव्हता. प्रसेनजीत पुढं झाला, दोन्ही हात मोकळेच होते. तिनं त्याच्या डोक्यावरून दाराकडं बघत शेजारणीला हाक मारली,

“आक्का, जरा येता का? हे धरायचं हाय.”