मामांचा उजवा हात

गल्लीत अशी बातमी आहे की आमचे लाँड्रीवाले मामा बर्गर इस्त्रीनं भाजतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या म्हणण्यानुसार ती इस्त्री विजेची होती आणि तिचं बटण 'सुती'वर होतं. बेकरीवाल्या बाई त्याच्याही पुढच्या. त्यांनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी वाफ निघताना पाहिली.

आता यात खरं एवढंच, की त्या दिवशी मामांच्या हातात इस्त्री होती. पण ती थंडगार होती आणि बर्गरला तिचा वाराही लागला नाही. तो लागू नये म्हणून तर ती हातात होती. पण हे समजायला आधी मामांचा उजवा हात समजायला हवा.

मिसरूड फुटल्यापासून तो हात इस्त्री फिरवतोय. तो मामांचं ऐकत नाही, फक्त सुरकुतीचं ऐकतो. जेवायला बसले की टेबलावरचं कापड सरळ करतो, पेपर वाचायच्या आधी पेपर सरळ करतो. कुणी रडवेलं होऊन आपली कहाणी सांगायला आलं, तर मामा ऐकता ऐकता त्याची बाही तळहातानं दाबत बसतात. त्या माणसाला वाटतं, काय धीर देतात हो! धीर कसला, बाही चुरगळलेली असते.

बाकी मामा म्हणजे साधा माणूस. कुणी काहीही विचारलं की आधी "एक मिनिट हां" म्हणणार. कपडे झाले का? एक मिनिट हां. सुट्टे आहेत का? एक मिनिट हां. लग्नाला होकार देतानाही त्यांनी हेच म्हटलं होतं, असं मामी सांगते. मामीचं वाक्य वेगळं: "मी काही बोलतच नाही." हे म्हणून झालं की ती तास-दीड तास बोलते.

लाँड्रीच्या मागे छोटंसं अंगण आहे. एरवी तिथे चादरी वाळतात. वर्षातून एका रविवारी मामा दोऱ्या सोडतात, अर्ध्या कापलेल्या पिंपाची शेगडी मधोमध ओढतात आणि सगळ्यांना बर्गर खायला बोलावतात. या रविवारात मामांचा जीव अडकलाय. त्यांचं गणित सोपं आहे. वर्षभर माणसं पुढच्या दारानं येतात, गाठोडं टाकतात आणि निघून जातात. हा एकच दिवस ती मागच्या दारानं येतात आणि बसतात.

पण गेल्या वर्षीचे बर्गर आठवले की माझी दाढ अजून ठणकते. मामीचे धाकटे भाऊ तेव्हा आले होते. मिक्सर-फ्रिजच्या शोरूममध्ये असतात, आणि घरीही माणसाशी तो गिऱ्हाईक असल्यासारखंच बोलतात. "बघा, आपण काय करू," अशी सुरुवात करायची. त्यात 'आपण' म्हणजे ते स्वतः, आणि पुढे जे करायचं ते तुम्ही. तर या शोरूमवाल्यांनी बर्गरमधली पॅटी उचलली, टेबलावर टकटक वाजवली आणि म्हणाले, "कोण आहे आत? दार उघडा." सगळे हसले. मामाही हसले, आणि तेच जास्त वाईट होतं.

निघताना ते मामांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बघा भावोजी, आपण काय करू. येत्या वर्षी शेवटचं इथे करू. पुन्हा असंच झालं, तर त्यापुढे माझ्या गच्चीवर. तयार पॅट्या आणू. तुम्हाला कशाला त्रास?"

मामा म्हणाले, "एक मिनिट हां."

मग वर्षभर दर रविवारी आमच्या घरात बर्गर शिजू लागला. आधी मामा खिमा कणकेसारखा मळायचे. खाटकानं सांगितलं, "मामा, खिमा आहे, दुश्मन नाही. नुसता गोळा करा आणि सोडा." तेव्हापासून मळणं बंद. चरबीला नाक मुरडून ते कोरडा खिमा आणायचे, आता चारास एक चरबी घालून मागू लागले. मीठ आत कालवायचे, ते आता शेगडीवर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरू लागले. मधोमध अंगठ्यानं खळगा केला, म्हणजे पॅटी पुरीसारखी फुगत नाही. सगळं झालं, आणि पॅटी तरी बुटाच्या तळासारखीच. मामांनी खाटीक बदलला, कोळसा बदलला. एका रविवारी तर टोपी बदलून बघितली.

मग एक दुपार अशी आली की मामा शेगडीपाशी होते आणि मामी पाठमोरी बसून कांदा चिरत होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली,

"अहो, शर्ट कुणाचा घेतलाय?"

"कुठला शर्ट?"

"आवाज तर शर्टाचा येतोय."

मामांनी खाली पाहिलं. उलथणं पॅटीवर होतं, आणि उलथण्यावर सगळ्या अंगाचा भार टाकून उजवा हात. खाली निखाऱ्यांवर रस गळत होता: फस्स. ओलसर कापडावर तापली इस्त्री ठेवली की अस्साच आवाज येतो. मामांच्या हाताला हा आवाज म्हणजे शाबासकी. फस्स झालं की सुरकुती पळाली, काम फत्ते. कापडातलं पाणी जायला हवं आणि पॅटीतलं राहायला हवं, हा फरक त्या हाताला कुणी सांगितलाच नव्हता. वर्षानुवर्षं तो बर्गर कडक करत होता, कॉलर करावी तसा.

"मी दाबत नाही," मामा म्हणाले. हात तेव्हाही दाबत होता.

"मी काही बोलतच नाही," मामी म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत बोलली.

रोग सापडला, औषध सापडेना. हात खिशात घातला, तर तो खिसा दाबत बसला आणि इकडे पॅटी करपली. उलथण्याऐवजी चिमटा घेतला, तर चिमट्यानं दाबलं. मामीनं हात धरून ठेवला, तर दोघांना हसू आवरेना आणि पॅटी पुन्हा करपली.

या सुमारास मी मामांशी पैज लावली. म्हटलं, मामा, त्या दिवशी तुम्ही एकदा तरी पॅटी दाबणारच. मी मामांची नक्कल फार छान करते, गिऱ्हाइकं मला काउंटरवर मुद्दाम करायला लावतात. ठरलं असं, की मामांनी दाबलं तर मी ती नक्कल शाळेच्या स्टेजवर करणार, तीसुद्धा त्यांचाच कोट घालून. आणि नाही दाबलं, तर वर्षभर माझ्या तोंडून मामांचा एक शब्द निघणार नाही. मी कोटाचं माप घेऊन ठेवलं.

रविवार उजाडला. दोऱ्या सोडल्या, निखारे फुलले, जाळी तापून हात जवळ नेववेना. पॅट्या फ्रिजमधून गार गार बाहेर आल्या. गल्ली मागच्या दारानं येऊन बसली. आणि मामा दुकानातून आले ते त्यांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांची जुनी कोळशाची इस्त्री घेऊन. आत एक निखारा नाही, नुसतं लोखंडी धूड. मामांनी ते उजव्या हातात धरलं, आणि सर आल्यावर वर्ग गप्प व्हावा तसा हात गप्प झाला. उलथणं डाव्या हातात.

शोरूमवाले पांढरा शुभ्र शर्ट घालून आले होते. म्हणाले, "काय भावोजी, आज बर्गरला घडी पाडणार का?" न्हावी खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मामांनी डाव्या हातानं मीठ भुरभुरलं आणि पॅट्या जाळीवर ठेवल्या. बाजू लाल झाली की एकदाच उलटायची, मध्ये हात लावायचा नाही. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात कडेच्या एका पॅटीच्या पाठीवर सुरकुती उमटली.

चांगली लांब सुरकुती. मी पाहिली आणि मामांच्या हातानंही पाहिली. इस्त्री सावकाश वर आली. मामीची सुरी कांद्यावर थांबली. मी मनातल्या मनात कोट चढवला. इस्त्री पॅटीच्या वर आली, तिथून बाजूला सरकली आणि शेजारच्या कागदी रुमालांच्या गठ्ठ्यावर धाडकन बसली. मामांनी तो गठ्ठा असा काही दाबला, की त्या दिवशी प्रत्येकाला वरातीत न्यावा असा कडक रुमाल मिळाला. डाव्या हातानं मात्र सुरकुतीसकट पॅटी हळूच उलटली.

पॅट्या उतरवून मामांनी वर ताट झाकलं. लोक उठून पुढे सरकले.

"एक मिनिट हां," मामा म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा ते वाक्य कामी आलं. तेवढ्या वेळात आतला रस आत मुरला, आणि मामीनं लोण्यावर पाव भाजून घेतले.

पहिला बर्गर शोरूमवाल्यांना. त्यांनी आधी टेबलावर वाजवायला म्हणून पॅटी उचलली, तर ती बोटांत मऊ वाकली. मग चावा घेतला. रस हनुवटीवर आला, मनगटावर आला, कोपरापर्यंत गेला आणि तिथून पांढऱ्या शर्टावर उतरला. त्यांना पत्ताच नाही. खाली बघितलंच नाही त्यांनी. दुसरा मागितला. तोंड भरलेलं असतानाच ते म्हणाले, "बघा भावोजी, आपण काय करू..."

सगळे थांबले. मामाही.

"पुढच्या वर्षी इथे कांदे मी आणतो."

'मी' म्हणाले ते. मी स्वतः ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो डागाळलेला शर्ट घेऊन आले, तर पुढचं दार उघडं असून मागून आले आणि बसले. मामांनी चहा दिला, आणि बोलता बोलता त्यांची बाही दाबून सरळ केली.

मी पैज हरले. कोट खुंटीवर गेला. गिऱ्हाइकं अजून म्हणतात, कर ना एकदा, आणि मी तोंडावर हात ठेवून मान हलवते. तोंडून एक शब्द नाही, ठरलं म्हणजे ठरलं. पण लिहू नको, असं त्या वेळी कुणी म्हटलं नव्हतं. मामीसुद्धा नाही. ती तर काही बोलतच नाही.